अंगण गेले, बार उरले

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून तुळशीवृंदावनापाशी यावयाचे, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडावयाचे आणि नरकासुर मेला असे मानून फराळास बसावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत. कारीट फुटताना होणारा आवाज चिरडणाऱ्यालाही जेमतेम ऐकू येतो. नरकासुरासारखा दैत्य एवढ्याशा आवाजात मरत असे. आज मात्र शंभर सुतळी बाँबनीही तो मरत नाही असे दिसते, कारण पहाटे मारलेला असुर रात्री अकरा वाजता पुन्हा मारण्यासाठी मंडळी जिना उतरून खाली येतात आणि ज्यांना जिना उतरण्याचाही कंटाळा ते गॅलरीतूनच त्याचा वध करितात.

हे लिहिताना डोळ्यांपुढे आहे ते हिंजवडीला लागून असलेले मुळशी तालुक्यातील माण गाव. दिवाळी आली की या भागात भाताची कापणी सुरू होते आणि खाचरांच्या कडेला पेंढा रचला जातो. याच गावाच्या शिवारात पुढे माहिती तंत्रज्ञान नगरीचा तिसरा टप्पा वसला, वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोमार्गाचे एक टोकही येथेच आले. एका बाजूस पेंढ्याची गंजी आणि दुसऱ्या बाजूस विसाव्या मजल्यावरची गॅलरी, अशा या गावात दिवाळीचा बाण नेमका कोठे पडेल हे सांगणे कठीण.

जुन्या घराला अंगण असे. फटाका त्या अंगणाचा, आणि अंगण घरधन्याचे. पोरांनी लवंगीची माळ बाहेर काढली की ओसरीवरून आजोबांचा आवाज येई, "गोठ्याकडं नको रे, जनावरं बुजतील." शेजारी बाळंतीण असली तर तेही घरात ठाऊक असे आणि माळ त्या दिवशी सुटी करून एकेक लवंगी दूर पांदीत उडविली जाई. हे सगळे लोक फार सज्जन होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांना परस्परांची खबर होती, इतकेच.

आता अंगण गेले आणि बार तेवढे उरले. घराच्या नावाने जे आहे ते चार भिंती, आणि त्यांतील दोन तरी शेजाऱ्याशी सामायिक. भुईनळा गॅलरीत लावला की ठिणग्या खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर. लक्ष्मी बाँब वाहनतळात लावला की तळघराचा ढोल होतो आणि उभ्या गाड्यांचे भोंगे पुढची पाच मिनिटे ओरडत राहतात. जिन्यात फुलबाजी ओवाळणारे मूलही धूर सोडते तो वरच्या सर्व दारांखालून आत शिरतो.

आवाजाचेही एक गणित आहे. सरकारच्या १९९९ सालच्या अधिसूचनेप्रमाणे फटाक्याचा आवाज, तो फुटतो तेथून चार मीटरवर, १२५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे आठ मीटरवर ११९, सोळावर ११३, बत्तीस मीटरवर १०७. पण हे मोकळ्या मैदानाचे झाले. चार बाजूंनी उंच इमारती असलेल्या चौकात आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि अंतराने मिळणारी ही सवलत बव्हंशी नाहीशी होते. २००० सालच्या ध्वनिनियमांनी निवासी वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे. एक आकडा क्षणाचा आणि दुसरा सरासरीचा, तेव्हा ही तुलना काटेकोर नाही; परंतु उशापाशी दचकून उठलेल्या तान्ह्या बाळाला सरासरी समजत नाही.

आणि येथे निजणारे केवळ रात्रीच निजतात असे नाही. चाकण, भोसरीपासून हिंजवडीपर्यंतच्या या पट्ट्यात तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी सातला घरी येतो. सातासमुद्रापलीकडच्या घड्याळाप्रमाणे काम करणारे संगणक अभियंते पहाटे अंथरुणास पाठ टेकतात. त्यांची रात्र आपल्या सकाळी सुरू होते, ही गोष्ट माळ लावणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या इमारतीत तीन वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला. पाडव्याच्या रात्री साडेदहाच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरची एक तरुण माता खाली आली आणि माळ लावणाऱ्या गृहस्थांना म्हणाली, "दादा, बाळ आत्ताच निजलंय. जरा पलीकडं, फाटकाबाहेर उडवता का?" गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हेत. ते हसून म्हणाले, "वहिनी, वर्षातून एकदाच येते हो दिवाळी!" ती काही न बोलता वर गेली. आम्ही चार-पाचजण तेथेच उभे होतो. सणासुदीला तोंड कडू कशाला करा, म्हणून आम्हीही काही बोललो नाही. त्या न बोलण्याची टोचणी अद्याप गेलेली नाही.

वर्षातून एकदाच, हे खरेच. परंतु चाळीस घरांनी एकेकदा म्हटले की ते चाळीसदा होते. शिवाय फटाका आता दिवाळीपुरता राहिलेला नाही. क्रिकेटचा विजय, वरात, एकतीस डिसेंबर आणि मध्यरात्रीचा वाढदिवस यांनाही तो लागतो. वाढदिवसाच्या केकवर तडतडणारी मेणबत्तीही त्याच दारूची. त्या मेणबत्त्या बनविणाऱ्या तळवड्याच्या कारखान्यास ८ डिसेंबर २०२३ रोजी आग लागून अनेक महिला कामगारांचे प्राण गेले, ते ठिकाण माणपासून फार दूर नाही.

कोणी म्हणेल, हा आमच्या धर्माचा भाग आहे. तर धर्मग्रंथांकडेच वळू. निर्णयसिंधु, धर्मसिंधु यांसारख्या निबंधग्रंथांत दिवाळीच्या प्रदोषकाळी उल्कादान सांगितले आहे. हाती जळते चूड धरून पितरांना वाट दाखवावयाची. तो उजेड आहे, धमाका नव्हे. आवाजाचा विधी एकच. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीनंतर स्त्रियांनी सूप व डिंडिम वाजवीत अलक्ष्मीस बाहेर घालवावे, आणि कोठून, तर आपल्या घराच्या अंगणातून. सूप वाजविणाऱ्या त्या गृहिणीने आपली अलक्ष्मी शेजारणीच्या दारात नेऊन सोडावी, असे कोणत्याही ग्रंथकाराने लिहिलेले नाही.

शोभेची दारू आपल्याला परकी आहे, असे मात्र नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर लिहिलेल्या प्रबंधात एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरापर्यंत तिचा माग काढला आहे. पेशव्यांच्या बखरीतील एक हकीगतही त्यांनी दिली आहे. कोट्याचा राजा दिवाळीत राजधानीबाहेर दारूची लंका उभारतो, तीत दारूचा मारुती शेपूट पेटवून उडतो आणि घरोघर आग लावीत जातो, असे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांस सांगितले. पेशव्यांना तशीच लंका पुण्यास पाहावीशी वाटली. ती तयार झाली आणि अंधाऱ्या रात्री पेशवे, सरदार व पुण्याची रयत यांनी तो देखावा पाहिला. पेशवे व सरदार त्यासाठी पर्वतीवर जमले होते. जाळावयाची ती लंका अवघ्या शहरात एकच होती. प्रत्येक वाड्याच्या सज्जात एकेक मारुती पेटला असता तर त्या रात्री पुण्याचीच लंका झाली असती.

सर्वोच्च न्यायालय याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे, फक्त वाट दु:खाची होती. १९९८ च्या आरंभी तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली. तिच्या हाका शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात बुडाल्या आणि त्याच संध्याकाळी तिने स्वत:स जाळून घेतले. ती बातमी वाचून एक अभियंता न्यायालयात गेला. त्या प्रकरणाच्या १८ जुलै २००५ च्या निकालाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत फटाके वर्ज्य झाले. पुढे २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीची वेळ रात्री आठ ते दहा एवढीच ठरली, माळांवर बंदी आली आणि शक्यतो ठरविलेल्या सामायिक जागी फटाके उडवावेत असे सुचविले गेले. तो खटला तीन तान्ह्या बालकांच्या नावे त्यांच्या पालकांनी गुदरला होता. या हिशेबाने आपला पहाटेचा पहिला बारही नियमाबाहेरचा. तामिळनाडूने न्यायालयाकडे जाऊन दोन तासांची वाटणी करून घेतली, एक तास सकाळी आणि एक रात्री. दोनाचे तीन मात्र झाले नाहीत. नागपूरच्या नीरी संस्थेने सिद्ध केलेल्या हरित फटाक्यांचा दाखलाही हल्ली पुढे केला जातो. त्यांत धूर कमी असतो, पण हरित म्हणजे नि:शब्द नव्हे.

नियम मोडल्यास त्या हद्दीच्या ठाणेदारास व्यक्तिश: जबाबदार धरण्याचेही त्या निकालात आहे. एकशे बारा क्रमांक फिरविला की पोलीस येतीलही. पण उद्या भाऊबिजेला ज्याच्या घरी आपली मुले फराळाला जाणार, त्याच्यावर आज पोलीस धाडण्याचे धैर्य किती जणांस होईल? म्हणून बोलावयाचे ते बार उडाल्यावर नव्हे, वसुबारसेच्या आधी. हातात वात घेतलेल्या माणसाला सांगणे अवघड असते, बाजाराची पिशवी घेतलेल्याला सोपे.

तामिळनाडूतील शिवगंगा जिल्ह्यात कोल्लुकुडिपट्टी नावाचे खेडे आहे. तेथील वेट्टंगुडीच्या तळ्यावर दूरदेशीचे पक्षी येतात, ते बिथरू नयेत म्हणून ग्रामस्थ कित्येक दिवाळ्या फटाक्यांवाचून करीत आले आहेत.

आमच्या इमारतीने तेवढे केलेले नाही. तिसऱ्या मजल्यावरचे ते कुटुंब दुसरीकडे राहावयास गेले, त्यानंतरच्या वर्षी सभेत विषय निघाला आणि तो काढला त्याच माळवाल्या गृहस्थांनी. फाटकाबाहेरची, पेंढ्यापासून दूरची एक पडीक जागा ठरली. तेथे पाण्याच्या चार बादल्या आणि वाळूचे एक घमेले ठेवावयाचे. गॅलरी, गच्ची, जिना व वाहनतळ येथे काही नाही. दोन-तीन घरे अजूनही ऐकत नाहीत आणि साडेदहाला एखादा सुतळी बाँब फुटतोच. परंतु उद्वाहनाजवळच्या फळ्यावर गेल्या वर्षीपासून खडूने लिहिलेले असते: "आठ ते दहा, फक्त बाहेर. पाचव्या मजल्यावर महिन्याचे बाळ आहे. नवव्यावर काका रात्रपाळीला आहेत, सकाळी निजतात."