घरच्यांकडे आधी एक एकर मागा

आपल्या मराठवाड्यात धंदा काढायचा म्हटलं की भांडवलाच्या आधी पाहुणे आडवे येतात. लग्नाच्या पंगतीत शेजारची मावशी विचारतेच, "काय करायलंय लेकरू सध्या?" नीटची तयारी म्हटलं, पोलीस भरती म्हटलं, एमपीएससी म्हटलं की मावशी मान डोलावते. चार वर्षं तेच उत्तर दिलं तरी डोलावते. पण "चटण्यांचा धंदा काढलाय" म्हटलं की लगेच, "बरं, पण नौकरीचं काय?"

मावशीला दोष देऊ नका. लातूरचा ट्युशन एरिया बघा, नांदेडचं भाग्यनगर, श्यामनगर बघा. खेड्यापाड्यांतून पोरं येऊन रूम करून राहतात, मेसचे डबे खातात, घरी बाप सोयाबीनच्या पट्टीतून फी भरतो. कोरडवाहू रान असलेल्या घराला पगार म्हणजे दर महिन्याला नेमानं पडणारा पाऊस. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. त्या भागातला बाप पगाराचा हट्ट धरणारच की हो.

म्हणून "लोकांचं ऐकू नका, स्वप्नाच्या मागं धावा" असले व्हिडिओ मला पटत नाहीत. ते बघून घरात भांडण होतं, दुकान उघडत नाही. घरच्यांची भीती खरी आहे. तिला उत्तर द्यायचं तर तिच्याच भाषेत द्यावं लागतं. आपल्याच भागातल्या बायकांनी ते देऊन दाखवलंय. आणि त्यांच्या हातात तुमच्यापेक्षा कितीतरी कमी होतं.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं पडली, हजारो माणसं गेली. नंतर पडझड झालेली घरं दुरुस्त करून मजबूत करायचं सरकारी काम निघालं. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. तोवर चावडीवर कधी न बोललेल्या बाया घरोघर फिरल्या, योजना समजावली, इंजिनिअरशी बोलल्या, गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. पुढं त्यातून बचत गट आले, छोटे धंदे आले.

मग शेतीचा प्रश्न आला. आपल्याकडं शेतात राबते बाई, पण काय पेरायचं ते ठरवतो गडी. सातबारा बहुतेक वेळा त्याच्याच नावावर. बी-बियाणं, खत, औषध उधारीवर, पट्टी आली की उधारी फेडायची. पाऊस गेला तर पीकही गेलं आणि उधारी राहिली. आणि घरात भाजी, डाळ विकतची!

या बायकांनी सगळं रान मागितलं नाही. त्यांनी घरात म्हटलं, एक एकर मला द्या. कुणी अर्धाच मागितला. बाकीच्यात तुमचं सोयाबीन, ऊस चालू द्या. त्या तुकड्यात त्यांनी घरात खायची पिकं घेतली: डाळी, भाजीपाला, ज्वारी. शेणखत घातलं, घरी अर्क करून फवारले, म्हणजे दुकानाची उधारी कमी. याला 'एक एकर मॉडेल' म्हणतात. या कामासाठी संस्थेला 2017 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

आता धंदेवाल्याच्या नजरेनं बघा. नुकसान झालंच असतं तर एका एकराचं. घराचं नेहमीचं उत्पन्न जागेवर होतं, म्हणून नवऱ्याला "हो" म्हणणं जड गेलं नाही. निकालासाठी वर्षानुवर्षं थांबायचं नव्हतं, एका हंगामात तो ताटात दिसला. आठवडी बाजारातली खरेदी कमी झाली. उरलेलं विकून बाईच्या हातात पैसा आला. काही घरांत पुढं नवऱ्यानंच आणखी रान दिलं. भाषणानं दिलं नसतं.

याच चळवळीतल्या हिंगळजवाडीच्या कमलताई कुंभार. मजुरी करणाऱ्या घरातली लेक. बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली, मग कोंबड्या, शेळ्या, सौर दिव्यांची विक्री. एकावर एक धंदा चढवला, दुसऱ्या बायकांनाही शिकवलं. 2017 सालचा नारी शक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. माझ्या मते पुरस्कारापेक्षा बांगड्यांचा टप्पा महत्त्वाचा. बाईनं बांगड्या विकणं गावाला खटकत नाही. धंदा शिकायचा तर अशा जागेतून शिरावं, जिथं आधी भांडावं लागत नाही.

तुमचा एक एकर कोणता? समजा नांदेडमध्ये तुम्हाला कारळ-जवसाच्या चटण्या विकायच्यात. वडिलांना एफडी मोडायला लावू नका, रान विकायची तर भाषाच नको. बहिणीच्या लग्नाच्या पैशाला हात लावू नका. मागायचं ते एवढंच: वीस हजार रुपये, स्वयंपाकघर दुपारचे तीन तास, आणि दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंतची मुदत. मुदत लिहून द्या. तोवर विक्री अमुक आकड्यावर गेली नाही तर काय करणार, तेही लिहा. क्लासची फी भरलेली असेल तर पेपर देऊन टाका, त्यानं चटणी खराब होत नाही. खाण्याचा माल आहे, म्हणून एफएसएसएआय नोंदणी विक्रीच्या आधी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

मुदत संपली आणि आकडा आला नाही, तर वीस हजारांत शिकलात. दुकानाचं डिपॉझिट, फर्निचर, उद्घाटनाचा मांडव यात चार लाख घालून तेच शिकणारे खूप आहेत.

आणि वही वडिलांच्या हातात द्या. दर रविवारी तेच लिहितील: शेंगदाणा, कारळ, तेल किती रुपयांचं आलं, किती पाकिटं दुकानांत ठेवली, किती परत आली, उधारी कुणाकडं राहिली. तुमची मजुरीही त्यात धरायला सांगा. तीन-चार रविवार झाले की तेच विचारायला लागतील, "अरे, त्या वजिराबादच्या दुकानदाराचे पैसे अजून आले नाहीत का?"