फ्लॅटखालची जमीन कोणाची?

जुना फ्लॅट दाखवणारा एजंट आत शिरला की आधी खिडकी उघडतो. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत खिडकीबाहेर एखादा आंबा नाहीतर सोनमोहोर हमखास असतो आणि घेणारा तिथेच निम्मा पाघळतो. माझी मावसबहीणही पाघळली होती. ‘‘ताई, असा उजेड नव्या टॉवरात मिळायचा नाही. टोकन देऊन टाका, अजून दोन पार्ट्या मागे लागल्यात,’’ एजंट म्हणाला. बहिणीने सोबत आणलेल्या वकीलबाई खिडकीकडे फिरकल्याच नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी विकणाऱ्या गृहस्थांना विचारलं, ‘‘काका, शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे?’’

काका जरा थांबले. ‘‘आईच्या.’’

त्या एका उत्तरामुळे पुढचे कित्येक दिवस मी या बाईंच्या मागे हिंडलो. बहिणीला नोकरीतून सुटी मिळत नव्हती आणि मला हे काम जवळून पाहायचं होतं.

फ्लॅट मूळ वडिलांचा. इमारत ऐंशीच्या दशकातली, लिफ्ट नसलेली, तीन मजली. वडील गेल्यावर नॉमिनी म्हणून आईचं नाव सोसायटीच्या दप्तरात चढलं आणि घरच्यांची समजूत झाली की आई मालक झाली. पुढे आईही गेली. आता काका, त्यांचा धाकटा भाऊ आणि कॅनडातली बहीण असे तीन वारस. काकांच्या हिशेबी प्रश्न मिटलेला होता, कारण ‘सगळ्यांची तोंडी संमती आहे’. वकीलबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की सोसायटीने कोणाशी बोलायचं, एवढंच नॉमिनीच्या नावाने ठरतं. मालकी ठरते वारसाहक्काने. सहकार कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतंच सभासद करतात. म्हणजे एक तर तिघांनीही करारावर सह्या करायच्या, नाहीतर दोघांनी काकांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. कॅनडातल्या बहिणीने कुलमुखत्यारपत्र तिकडे करून पाठवलं, तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायला हवं. व्हॉट्सॲपवर आलेलं ‘नो ऑब्जेक्शन फ्रॉम माय साइड’ दुय्यम निबंधकाच्या टेबलावर चालत नाही.

मग सर्च. नोंदणी झालेल्या प्रत्येक दस्ताचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात त्यात, उतरतो: दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारमूल्य, मिळकतीचं वर्णन, देणारे-घेणारे, तारीख, दस्त क्रमांक. गेल्या तीस वर्षांतल्या या नोंदी चाळायच्या आणि मालकीची साखळी कुठे तुटते का ते पाहायचं. आता बरंचसं नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर दिसतं, पण संगणकासमोर बसलेल्या बाईंना पाहिलं तेव्हा कळलं की खरी मेहनत शोधायला काय टाकायचं हे ठरवण्यात आहे. पुण्यात एकाच जमिनीला तीन क्रमांक असू शकतात: जुना सर्व्हे नंबर, नगररचना योजनेतला फायनल प्लॉट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर. एका क्रमांकावर कोरी पाटी दिसते आणि दुसऱ्यावर गहाणखत निघतं. नावांचंही तसंच. कुलकर्णी, कुळकर्णी, आडनाव आधी, आडनाव नंतर. बाई प्रत्येक रूप टाकून बघत होत्या आणि वहीत टिपत होत्या. हे काम फोनवर पाच मिनिटांत उरकून ‘टायटल क्लिअर’ म्हणणारेही पुण्यात आहेत, त्यांची फी कमी असते.

सर्चला मर्यादा आहेतच. न नोंदवलेला विसार, कोर्टातला दावा, सोसायटीची थकबाकी इंडेक्स टूमध्ये सापडेलच असं नाही. म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, सोसायटीकडून येणेबाकी नसल्याचा दाखला घ्यायचा आणि साखळीतले सगळे मूळ करार डोळ्यांनी पाहायचे. झेरॉक्स पाहून समाधान मानायचं नाही. मूळ करार बँकेत अडकलेला असेल तर झेरॉक्सच दाखवतात.

या फाइलमध्ये वडिलांचा पहिला करार 1986 चा निघाला. बाई तारीख बघून कुरकुरल्या. डिसेंबर 1985 पासून महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या खरेदी-करारावर पूर्ण खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं, आणि त्या काळात कितीतरी करार जुन्या सवयीने किरकोळ रकमेच्या स्टॅम्प पेपरवर झाले. अशा कागदाची तूट पुढे कोणीतरी दंडासह भरतोच. कोण भरणार, ते आधी लिहून घ्यायचं.

पण वकीलबाईंचा खरा जीव अडकला होता तो पुढच्या कागदात. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, बोलीत प्रॉपर्टी कार्ड. त्यात धारकाच्या रकान्यात सोसायटीचं नाव नव्हतं. मूळ जमीनमालकाचं होतं. सेक्रेटरींना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘अहो, चाळीस वर्षं राहतोय आम्ही इथे. कोण उठवतंय?’’

कोणी उठवत नाही, हे खरंच. म्हणूनच हा प्रश्न कोणाला दिसत नाही. महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा 1963 चा आहे. त्याच्या नियमांनुसार वेगळी मुदत ठरली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. त्याला अभिहस्तांतरण म्हणतात, सेक्रेटरी लोक कन्व्हेयन्स म्हणतात. हजारो इमारतींत ते झालं नाही. काही बिल्डरांना पुढे वाढणाऱ्या एफएसआयची आशा होती, काही ठिकाणी जमीनमालक वारला आणि वारसांची रांग लागली, आणि बऱ्याच ठिकाणी रहिवाशांनी मागितलंच नाही. 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे: सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, बिल्डर आला नाही तरी आदेश मिळतो, मग दस्त नोंदवायचा आणि शेवटी मालमत्ता पत्रकावर नाव चढवून घ्यायचं. ही शेवटची पायरी विसरून आदेशाची प्रत फ्रेम करून लावलेली सोसायटीही मी पाहिली.

कोथरूडमध्ये आज लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतीला जो भाव सांगतात तो त्या फरशांचा नसतो. पुनर्विकास होईल आणि मोठा नवा फ्लॅट मिळेल, या आशेचा असतो. पुनर्विकासाला 2019 च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार 51 टक्के सभासदांची संमती लागते. ती जमवताना भांडणं होतात, जमतेही. पण जमीनच सोसायटीच्या नावावर नसेल तर विकसक आधी तेच निस्तरायला सांगतो, आणि त्यात वर्षं जातात. मला विचाराल तर जुन्या इमारतीत हा एक प्रश्न व्हिट्रिफाइड टाइल्स, मॉड्युलर किचन आणि खिडकीतला आंबा या सगळ्यांच्या आधी विचारायला हवा.

भिंतींसाठी बहिणीने एक निवृत्त इंजिनिअर गाठले. ते थेट गच्चीवर गेले, मग पार्किंगमध्ये उतरले, फ्लॅट सगळ्यात शेवटी. प्लास्टरच्या जाळीदार बारीक भेगांना त्यांनी विचारलंही नाही. कॉलमवर उभी, सळईच्या रेषेने गेलेली भेग दिसली तिथे मात्र नखाने पापुद्रा काढून पाहिला. आत सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. वरून रंग मारला की दोन पावसाळे झाकलं जातं. त्यांनी खालच्या मजल्यावरच्यांना ‘जरा बाथरूमचं छत बघू का’ असं विचारलं, कारण वरच्या घराची गळती खालच्या छताला दिसते. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. सेक्रेटरींनी सांगितलं, ‘‘ठराव झालाय.’’

लेझर मीटरने खोल्या मोजल्यावर करारातला बिल्टअप आकडा आणि प्रत्यक्ष चटई यांत भलतंच अंतर निघालं. जुन्या करारांत हे नेहमीचं. भाव मात्र चटईवर काढून पाहावा. परतताना इंजिनिअरकाका कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराशी बोलत थांबले, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री इथे पाणी किती होतं म्हणून. त्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर-अरण्येश्वर भागाची दैना केली होती. 2024 च्या जुलैत सिंहगड रोडच्या एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं. पूररेषेचा नकाशा महापालिकेत मिळतो, दुकानदाराची आठवण फुकट मिळते, दोन्ही घ्यावं.

पैशांचं थोडक्यात. करार नव्वद लाखांचा धरला तर पुण्यात सात टक्क्यांनी मुद्रांक शुल्क 6,30,000 रुपये. घेणारी एकटी स्त्री असेल तर एक टक्का सूट, म्हणजे 90,000 वाचतात. नवऱ्याचं नाव घातलं की ती सूट गेली. बहिणीच्या घरी यावर एक संध्याकाळ खर्ची पडली. नोंदणी फी जास्तीत जास्त 30,000. रेडी रेकनरचं मूल्य कराराहून जास्त निघालं तर शुल्क त्यावर. पन्नास लाख किंवा त्याहून वरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापून भरायचा असतो, आणि विकणारा अनिवासी असेल तर त्याचा दर आणि रीत दोन्ही निराळी. सोसायटीने हस्तांतरणासाठी ‘ऐच्छिक देणगी’ मागितली. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे, हे वकीलबाईंनी परिपत्रकासह दाखवल्यावर देणगी खरोखर ऐच्छिक झाली.

बैठक काकांच्याच हॉलमध्ये बसली. बहिणीने भाव कमी करायला सांगितलं, कन्व्हेयन्स नाही म्हणून. काका चिडले. ‘‘जमिनीचे पैसे मी तुमच्याकडून मागितलेत कुठे?’’

‘‘काका, मग या भागातला इतका जुना फ्लॅट नव्याच्या भावात कसा सांगताय?’’ वकीलबाई म्हणाल्या.

एजंटने चहा मागवला. तासाभराने आकडा खाली आला, बहिणीला हवा तितका नाही, पण आला. विसारपत्रात तीन कलमं हाताने वाढवली गेली: भाऊ-बहिणीची हक्कसोडपत्रं नोंदवून झाल्याशिवाय विसारापलीकडे रक्कम द्यायची नाही, 1986 च्या करारावरची मुद्रांकाची तूट निघाली तर ती विकणाऱ्याची, आणि ठरलेल्या मुदतीत हे झालं नाही तर विसार पूर्ण परत. काकांनी तिसऱ्या कलमावर पुष्कळ वेळ घेतला, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग कॅनडाला फोन लावला.