फटका कुणाचा? तुमचा की काठीचा?

बालमित्रांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक खेळ आहे. तो फुकट मिळतो, अगदी फुकट! जगभरात आठ कोटींहून अधिक वेळा तो फोनवर उतरवून घेतला गेला आणि घेताना कुणाला एक पैसाही द्यावा लागला नाही. तरीही 2021 साली हा खेळ बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. केवढ्याला, सांगा बरं? 140 कोटी डॉलरना! आपल्या हिशेबाने दहा हजार कोटी रुपयांहून जास्त. फुकट खेळ वाटणाऱ्या कंपनीला एवढा भाव कसा आला?

खेळाचं नाव 'गोल्फ क्लॅश'. इंग्लंडमधल्या 'प्लेडेमिक' या कंपनीने तो 2017 मध्ये आणला. कंपनी विकत घेणारी 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' अमेरिकेतली. आता या कोड्याचं उत्तर शोधायचं तर आधी आपल्याला खऱ्या गोल्फच्या हिरवळीवर एक फेरी मारून यायला हवी. चला तर!

खऱ्या मैदानावर

गोल्फ हा काठी-चेंडूचा खेळ. या काठीला 'क्लब' म्हणतात. मोठ्या थोरल्या मैदानात दूरवर एक छोटा खड्डा असतो, फक्त 108 मिलिमीटर रुंदीचा. लिंबाएवढा टणक चेंडू कमीत कमी फटक्यांत त्या खड्ड्यात घालायचा. असे एकूण 18 खड्डे. क्रिकेटमध्ये जास्त धावा करणारा जिंकतो. इथे उलटं, ज्याचे फटके कमी तो जिंकला.

लांब मारायची काठी वेगळी, वाळूतून चेंडू उचलायची वेगळी आणि खड्ड्याजवळ हळूच ढकलायची वेगळी. तुम्ही म्हणाल, मग ज्याच्याकडे जास्त काठ्या त्याची मजा! एके काळी तसंच होतं. काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्या घेऊन उतरत आणि ते ओझं वाहणाऱ्याचे खांदे मोडून येत. शेवटी 1938 साली अमेरिकेत आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये नियम झाला, की काठ्या जास्तीत जास्त 14. कुठला फटका कुठल्या काठीने काढायचा, हे डोकं खेळाडूने लढवायचं. चेंडूचं वजन आणि आकार यांनाही मर्यादा आहेत. गोल्फ हा काही स्वस्त खेळ नाही. चांगल्या काठ्या भारी महाग असतात. पण काठीने फार मोठं होऊ नये म्हणून तिथे नियमांचं कुंपण आहे.

आणखी एक गंमत पाहा. नवशिका आणि मुरलेला खेळाडू एकत्र खेळले तर नवशिक्याला काही फटक्यांची सूट मिळते. तिला 'हँडिकॅप' म्हणतात. समजा, तुम्ही 85 फटके घेतलेत आणि तुमची सूट 15 आहे. तर तुमचे धरले जाणार 70. समोरच्याने 74 घेतले, त्याची सूट 2; म्हणजे त्याचे 72. जिंकलात तुम्ही! कच्च्या खेळाडूला हात देणारा हा नियम नीट लक्षात ठेवा बरं का. पुढे तो कामाला येणार आहे.

दोन शिड्या

आता पडद्यावर येऊ. 2008 साली 'वर्ल्ड गोल्फ टूर' नावाचा खेळ इंटरनेटवर सुरू झाला. जगातल्या प्रसिद्ध मैदानांचे फोटो काढून तो बनवला होता. या खेळात दोन शिड्या होत्या.

पहिली शिडी अवघडपणाची. तुम्ही चांगले खेळलात की वरच्या पायरीवर जायचं. वर गेलात की चेंडू मारायची जागा मागे सरकायची, म्हणजे खड्डा आणखी लांब. खड्ड्याजवळचं गवतही जास्त गुळगुळीत व्हायचं. जरा जोर झाला की चेंडू पुढे निसटलाच!

यात वाईट काय? काहीच नाही. दुसरीत बेरीज, तिसरीत गुणाकार, चौथीत भागाकार. शाळेतही आपण अशीच शिडी चढतो. सगळी वर्षं बेरीजच करत बसलो तर कंटाळून जाऊ.

दुसरी शिडी सामानाची. खेळातच एक दुकान होतं. तिथे जास्त लांब मारणाऱ्या काठ्या आणि चांगले चेंडू मिळत. त्यांची किंमत 'क्रेडिट'मध्ये. थोडे क्रेडिट खेळूनही मिळत, पण पटकन हवे असतील तर खऱ्या पैशांनी विकत घ्यायचे. महागातला चेंडू ठरावीक फटक्यांनंतर संपायचा. संपला की पुन्हा दुकान!

आता या दोन शिड्या एकमेकींना कुठे टेकतात ते बघा. समजा, तुमच्या काठीचा सर्वांत लांब फटका 200 यार्डांचा आहे. नव्या पायरीवर मधे तळं आलं आणि पलीकडे जायला 220 यार्ड हवेत. सराव करून तुमचा नेम सुधारेल, वाऱ्याचा अंदाज सुधारेल. पण पडद्यावरची काठी 200 ची 220 होणार नाही. ते 20 यार्ड फक्त दुकानात मिळतात.

दुसरं उदाहरण तर त्याहून मजेशीर. फटका मारताना पट्टीवर एक काटा सरकतो. तो नेमक्या रेषेवर आला की थांबवायचा. खरं कौशल्य ते हेच! पण काही काठ्या आणि चेंडू घेतले की काटा हळू सरकायचा. म्हणजे तुमच्या बोटाने जे शिकायचं, तेच दुकानात विकायला ठेवलेलं. कच्च्या खेळाडूला सूट खऱ्या गोल्फमध्येही आहे. तिथे ती नियमाने मिळते, इथे पैशाने.

'बाई, मला आता काहीच जमत नाही'

माझ्या वर्गातला एक मुलगा एकदा मधल्या सुट्टीत डबा न उघडता तसाच बसला होता. विचारलं तर म्हणाला, "बाई, मी आधी रोज जिंकायचो. आता रोज हरतो. मला आता काहीच जमत नाही." मला वाटलं, कबड्डीचं असेल. पण तो फोनवरच्या गोल्फबद्दल बोलत होता.

मी त्याला एवढंच विचारलं, "तुझा नेम बिघडला का?" तो म्हणाला, "नाही. नेम बरोबर असतो. चेंडूच तिथवर पोचत नाही." मी म्हटलं, "मग जमत कुणाला नाही? तुला की तुझ्या काठीला?" त्याने जरा विचार केला आणि डबा उघडला.

मुलांनो, मला काळजी वाटते ती इथे. गणित चुकलं तर कुठे चुकलं ते शोधता येतं. पण खेळ मुद्दामच तुमच्या काठीच्या पुढे नेऊन ठेवला असेल, तर चूक शोधून सापडणारच नाही. आणि न सापडलेली चूक आपण स्वतःच्या माथी मारून घेतो, 'मीच ढ आहे' म्हणून.

पेटीतलं गुपित

'गोल्फ क्लॅश'मध्ये काठी सरळ विकत घेत नाहीत. जिंकलात की एक पेटी मिळते. पेटीत काठ्यांची चित्रं असलेली पत्ती निघतात. एकाच काठीची पुरेशी पत्ती जमली आणि वर नाणी भरली, की ती काठी एक पायरी वर चढते. पेटी उघडायला वेळ लागतो, कधी कधी काही तास. थांबायचं नसेल तर 'रत्नं' द्यायची. आणि रत्नं संपली की ती खऱ्या पैशांनी मिळतात.

पेटीतून हवं ते पत्तं का निघत नाही? घरातला लुडोचा फासा घ्या आणि करून बघा. एक ते सहा हे सगळे आकडे किमान एकदा येईपर्यंत फासा टाकत राहा आणि किती वेळा टाकला ते मोजा. सहाच आकडे, म्हणजे सात-आठ वेळांत होईल असं वाटतं ना? गणित सांगतं, सरासरी जवळजवळ 15 वेळा! पहिले तीन-चार आकडे भरभर येतात. शेवटचा राहिलेला आकडा मात्र मोठा हट्टी, एकट्या त्याच्यासाठी सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो. आणि फाशाचे सहाही आकडे सारख्याच शक्यतेचे असतात. पेटीतली भारी काठी तर मुळातच क्वचित निघेल अशी ठेवलेली असते.

मग कंटाळून आपण सोडून का देत नाही? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोचीने बटण दाबलं की दाणा मिळायचा. पण दाणा कधी मिळेल हे ठरलेलं नसेल, तर कबुतरं चिकाटीने टोचतच राहायची. 'या वेळी मिळेल' ही आशा भलतीच चिवट असते, कबुतराची काय आणि माणसाची काय.

नाण्यांचाही हिशेब करू. या खेळात सामना सुरू होताना दोघेही प्रवेशाची नाणी ठेवतात आणि जिंकणारा दोघांची घेतो. वरच्या स्पर्धेला प्रवेश जास्त. समजा, खाली 100 नाणी लागतात आणि वर 1000. खाली दहा सामने ओळीने जिंकून 1000 नाणी कमावलीत आणि वर जाऊन एकच हरलात, तर दहा विजय एका फटक्यात गेले. वरच्या स्पर्धेत वाराही जोराचा आणि समोरच्याची काठी भारी. नाणी संपलेल्या खेळाडूला दुकानाचं दार अशा वेळी फार जवळचं वाटतं!

आलं ना कोड्याचं उत्तर लक्षात? खेळ फुकट होता, पण हरल्यावर वाटणारी चुटपुट फुकट नव्हती. सगळेच खेळाडू काही पैसे भरत नाहीत. थोडे भरतात, पण ते पुन्हा पुन्हा भरतात.

पालकांसाठी दोन शब्द

आई-बाबांनो, फोन हिसकावून घेतल्याने हे कोडं सुटत नाही. मुलांबरोबर पाच मिनिटं बसून तो खेळ स्वतः खेळून बघा. दुकान कुठे आहे, पेटी कशी उघडते ते त्यांनाच विचारा. ती आनंदाने शिकवतील.

रत्नं आणि क्रेडिट यांची गोष्ट जत्रेतल्या कुपनांसारखी असते. नोट मोडून कुपनं हातात आली की खर्च करताना हात आखडत नाही. म्हणून मुलांशी बोलताना रत्नांचे रुपये करून सांगा: 'या पेटीच्या पैशांत किती वह्या आल्या असत्या?'

फोनमधल्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी पासवर्ड मागण्याची सोय असते. ती सुरू ठेवा आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. अमेरिकेत एकदा पासवर्ड टाकला की पुढची 15 मिनिटं तो पुन्हा विचारला जात नसे आणि तेवढ्यात मुलं खेळातल्या वस्तू घेत सुटत. तक्रारी इतक्या झाल्या की 2014 साली तिथल्या सरकारी आयोगाशी झालेल्या तडजोडीत 'ॲपल' कंपनीने ग्राहकांना किमान 3 कोटी 25 लाख डॉलर परत करायचं मान्य केलं. बेल्जियममध्ये तर 2018 साली पैसे देऊन घ्यायच्या अशा नशिबाच्या पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात, असं ठरवलं गेलं. म्हणजे हे फक्त आपल्याच घरातलं गाऱ्हाणं नाही.

आठवडाभराचा उद्योग

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. खेळ बंद करा असं मी म्हणणार नाही. तुम्ही असा कुठलाही खेळ खेळत असाल, गोल्फ, गाड्यांची शर्यत किंवा लढाई, तर वहीत दोन रकाने पाडा. एकाचं नाव 'मी' आणि दुसऱ्याचं 'सामान'. प्रत्येक सामन्यानंतर खूण करा. नेम चुकला, घाई झाली, वारा बघितला नाही, तर खूण 'मी'च्या रकान्यात. सगळं बरोबर होतं, पण काठी, गाडी किंवा तलवारच कमी पडली, तर खूण 'सामान'च्या रकान्यात. जिंकलात तरी हाच नियम, हं! नव्या काठीमुळे जिंकलात तर खूण सामानालाच द्यायची. लबाडी करायची नाही.

आठवड्याने खुणा मोजा. 'मी'चा रकाना भरला असेल तर खेळ तुम्हाला काहीतरी शिकवतो आहे, खुशाल खेळा. 'सामान'चा रकाना फुगला असेल, तर तो खेळ तुम्ही खेळत नाही आहात, तुमची काठी खेळते आहे. मग पुढे काय करायचं ते तुमचं तुम्हीच ठरवा. आणि तुमच्या रकान्यांचा हिशेब आम्हाला पत्राने जरूर कळवा!