'गिव्ह अप' म्हणजे नक्की काय द्यायचे?

प्रथम वर्षाला असताना इंग्रजीच्या उताऱ्यात 'ही गेव्ह अप हिज सीट' असे वाक्य आले. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. तेव्हा 'त्याने आपली खुर्ची वर दिली' असे भाषांतर मी ठोकून दिले! वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारले, "'त्याने नाद सोडून दिला' या वाक्यात कोणी कोणाला काय दिले?" मला उत्तर देता येईना, पण माझी इंग्रजीची भीती निम्मी उतरली.

'सोडून देणे', 'गमावून बसणे', 'बोलून जाणे' ही आपली संयुक्त क्रियापदे. 'तो पैसे गमावून बसला' असे म्हटल्यावर तो कुठे बसला, हे कोणी विचारत नाही. दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ टाकून पहिल्याला नवी छटा देते. इंग्रजीत हेच काम अप, आउट, ऑफ असे इवलेसे शब्द करतात. अशा जोडीला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. परकीयांना ही रचना फार अवघड जाते, हे डॉ. जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे. तेव्हा अडखळणारे आपण काही पहिलेच नव्हे!

आता 'गिव्ह अप'चे मुख्य उपयोग पाहू. सवय सोडणे: 'ही गेव्ह अप स्मोकिंग'. येथे 'टु स्मोक' चालत नाही. आपली वस्तू वा हक्क दुसऱ्यासाठी सोडणे: वरचे जागेचे वाक्य. स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होणे: 'ही गेव्ह हिमसेल्फ अप'. आणि कोडे सुटेना की 'आय गिव्ह अप', म्हणजे 'हरलो बुवा!' कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते: 'गिव्ह इट अप' बरोबर, 'गिव्ह अप इट' चूक.

'गिव्ह इन'शी मात्र गल्लत करू नये. दुसऱ्याच्या आग्रहापुढे वा दबावापुढे नमणे म्हणजे 'गिव्ह इन'. आपणच प्रयत्न थांबवणे म्हणजे 'गिव्ह अप'.

शेवटी 'ऑन' जोडून होणारा प्रयोग. 'गिव्ह अप ऑन समवन' म्हणजे एखाद्याच्या बाबतीत आशा सोडणे. त्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो आणि कॉलेज सोडायला निघालो. 'आय गिव्ह अप' एवढेच वाक्य मला तेव्हा बिनचूक येत होते! सरांनी दाखला मागू दिला नाही. रोज तास संपल्यावर अर्धा तास बसवून घेतले आणि पुढच्या परीक्षेत मी पास झालो.

'ही डिड नॉट गिव्ह अप ऑन मी.' हे वाक्य मी कोणत्याही शब्दकोशातून पाठ केलेले नाही.