वाट कोणाच्या शब्दावर धरायची? : सिद्धगडाच्या निमित्ताने

गेल्या व्याख्यानात आपण अनुमानापाशी थांबलो होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. नैयायिकांचं हे उदाहरण इतकं घासून गुळगुळीत झालंय की ते ऐकताना डोंगर कुणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. म्हणून आज खराखुरा डोंगर घेऊ. मुरबाड तालुक्यातला सिद्धगड. उन्हाळ्यात तिथल्या उतारावर धूर दिसला तर तो वणव्याचा असेल, नाहीतर भाताच्या रोपांसाठी कुणी राब भाजत असेल. आग दोन्हीकडे आहेच. पण त्या रानातून धावत जाणाऱ्या माणसाला यातलं काय आहे ते कळायला हवं, आणि ते नुसत्या धुरावरून कळत नाही. विचारावं लागतं. म्हणजे आपण शब्दप्रमाणावर आलोच की!

या वेळी हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही. आमचे काही जुने विद्यार्थी हल्ली डोंगरात धावतात. डांबरी रस्त्यावरची मॅरेथॉन त्यांना पुरेनाशी झाली आहे. पुण्याकडे सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरवाटांवरची शर्यत होते, तिच्या सरावासाठी ते चढउतार शोधत होते. एका जानेवारीत ते सिद्धगडाला निघाले आणि आम्हालाही ओढून घेऊन गेले. आम्ही धावणार नव्हतो हे सांगायला नको. सत्तरी उलटलेल्या माणसाने माचीपर्यंत चढून चहा मागितला तरी पुष्कळ झालं.

आता सिद्धगडाची ठेवण लक्षात घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यातून आपला सह्याद्री झाला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार किंवा सपाटी होते. त्यामुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सिद्धगडाला अशीच एक रुंद माची आहे, तिच्यावर सिद्धगडवाडी वसलेली आहे, आणि माचीवर पुन्हा बालेकिल्ल्याचा सुळका उठलेला. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फूट. अशा डोंगरात वाट कुठूनही काढता येत नाही. ती सोंडेवरून चढते, कडा आडवा आला की त्याच्या पोटाने आडवी जाते आणि जिथे कडा फुटून नाळ झाली असेल तिथून वर निसटते. पायथ्याच्या नारिवलीकडून येणारी वाट रानातून अशीच माचीवर जाते. माचीवरून पुढे गायदरा घाटाने कोंढवळच्या पठारावर आणि तिथून भीमाशंकरकडे जाता येतं. गायदरा! नावातच गाय आहे. धावणाऱ्यांनी माचीपर्यंतची चढण आणि माचीची सपाटी एवढं घ्यावं. बालेकिल्ल्याच्या वाटेला घसारा आहे, दरी अंगाशी आहे. तिथे धावणं हा शुद्ध आचरटपणा. शिवाय हा भाग भीमाशंकर अभयारण्याचा, तेव्हा आधी वनखात्याकडे विचारणा करावी.

मुलांनी अंतर किलोमीटरमध्ये मोजलं होतं. डोंगरात किलोमीटरला फारसा अर्थ नसतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला: चालणाऱ्याने दर तीन मैलांना एक तास धरावा आणि चढावाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. या हिशेबाने सिद्धगडाच्या माथ्याला नुसत्या चढणीचाच तासाहून जास्त वेळ द्यावा लागतो, अंतराचा वेगळा. वाडीतली माणसंही अंतर वेळेतच सांगतात. फक्त त्यांचा तास डोक्यावर ओझं घेतलेल्या, पण वाट पायाखालची असलेल्या माणसाचा असतो. तो आपला तास नव्हे.

मुलांच्या मनगटी घड्याळांत एक रेघ होती. आधी कुणी तिथे धावून गेला होता, त्याच्या घड्याळाने उपग्रहावरून नोंदवलेली. ती इंटरनेटवरून उतरवून घेतलेली, आणि हे तिघे तिच्यावरून धावत निघाले. आम्ही मागून काठी टेकत. माचीच्या खाली एका ठिकाणी वाट डावीकडे वळते आणि रेघ सरळ जाते. मुलं रेघेबरोबर सरळ गेली. पुढे ओढ्याची नाळ, सुटे दगड. सुमारे दोनशे पावलांवर रेघ एकदम मागे फिरली आणि आल्या वाटेने परत निघाली. म्हणजे मूळचा धावणारा तिथे चुकला होता, त्याला चूक कळली, तो परत फिरला, आणि घड्याळाने त्याची चूकही इमानदारीने लिहून ठेवली. ती चूक यांनी अक्षरशः गिरवली. परतताना एकाचा पाय दगडात मुरगळला. आम्ही वळणावर पोचलो तेव्हा तो घोटा धरून बसला होता आणि दुसरा घड्याळाकडे बघत म्हणत होता, "पण सर, रेघ बरोबर होती!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच गंमत आहे. रेघ बरोबर होती, वाट चुकीची होती. रेघ सांगते की एक माणूस इथून गेला. वाट सांगते की माणसं इथून जातात. मराठीत आपण ‘मळलेली वाट’ म्हणतो. कणीक मळावी तशी ती पायांनी मळली जाते. एक जण चुकीच्या नाळेत शिरतो, परत फिरतो. त्याच्या दोन फेऱ्यांनी तिथे वाट होत नाही, एका पावसात गवत उठतं. योग्य वळणावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या पावलं पडतात आणि दगड गुळगुळीत होतो. म्हणजे वाट आपल्या चुका आपणच पुसत जाते. घड्याळाला ते जमत नाही.

अर्थात मळलेली वाटही फसवते. मार्टिन हायडेगरने १९५० मध्ये आपल्या लेखसंग्रहाला जंगलातल्या लाकूडवाटांचं नाव दिलं. चांगली रुंद असणारी आणि मध्येच रानात संपून जाणारी वाट. जर्मन भाषेत त्या वाटेवर असणं म्हणजे चुकीच्या समजुतीत असणं. आपल्याकडे मुरबाड-शहापूरच्या रानात हे रोज घडतं. सरपणाला जाणाऱ्यांची आणि गुरांची वाट गावाजवळ गाववाटेपेक्षाही ठसठशीत असते, पुढे तिला फाटे फुटत जातात, आणि शेवटी करवंदीच्या जाळीत ती विरते. ती वाट खोटी नाही. तिचं काम तिथे संपतं, एवढंच. आपलं काम वेगळं असतं. म्हणून वाटेला नुसतं ‘कुठे जातेस’ असं विचारून भागत नाही, ‘कुणाची आहेस’ हेही विचारावं लागतं. आमचा अनुभव असा की गाववाट उंची राखून जाते, कारण ओझ्याच्या माणसाला उगाच खाली उतरून पुन्हा चढायला परवडत नाही.

आणि वाट बोलत नाही, म्हणून माणसाला विचारायचं. न्यायदर्शनात विश्वासार्ह सांगणाऱ्याला ‘आप्त’ म्हणतात. आपण नातेवाईक म्हणतो त्या अर्थाने नव्हे, बरं का. ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन इथे एक फार मोठी गोष्ट सहज सांगून जातो: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू आहे. जात, विद्या, पदवी काही आड येत नाही. आमच्या डॉक्टरेटचा त्या वळणावर काडीचा उपयोग नव्हता. वर एक गुराखी मामा बसले होते. त्यांनी न उठता सांगितलं, "तिकडं पान्याची वाट हाय. पोरं परत येतील."

इच्छेची अट वात्स्यायनाने उगीच घातलेली नाही. याच सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता राहत होता. १९४२ मध्ये त्यांनी मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ ला पहाटे पोलीस तळापर्यंत पोचले, ते खबर मिळाल्यामुळे. कोतवाल आणि हिराजी पाटील त्या गोळीबारात गेले. रान ओळखणाऱ्यांनीच दस्त्याला आसरा दिला होता आणि ठावठिकाणा बाहेर गेला तोही ते जाणणाऱ्याकडूनच. ज्ञान दोन्हीकडे सारखंच पक्कं होतं.

पावसाळ्याबद्दल एकच सांगतो. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, दीडशेहून अधिक माणसं गेली. ते गाव सह्याद्रीच्या याच रांगेच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्यात. तेव्हा पावसात आप्ताचं कालचं सांगणंही आज पुन्हा विचारून घ्यावं. मुलांनी जुलैतला सराव शहापूरच्या रस्त्यांवरच ठेवला, हे आम्हाला बरं वाटलं.

तर चहा झाला. पाय बांधला. मुलं आपली नवी, दुरुस्त रेघ इंटरनेटवर चढवणार होती, पुढच्याने चुकू नये म्हणून. मामांना त्यांनी घड्याळ दाखवलं. मामांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, "ह्यात झरा दिसतो का?" दिसत होता, मुलं बाटल्या भरायला तिथे गेली होती. "तेवढा काढा," मामा म्हणाले. उन्हाळ्यात वाडीला तोच झरा पुरवावा लागतो आणि शनिवार-रविवारी वर येणारी माणसं त्यात हातपाय धुतात.

दोघांनी तो तुकडा लगेच पुसला. तिसऱ्याला, ज्याचा पाय मुरगळला होता त्याला, हे पटलं नाही. त्याचं म्हणणं असं की मे महिन्यात तहानेने व्याकूळ झालेल्या एखाद्याचा जीव त्या झऱ्याने वाचेल, आणि आपल्याला ठाऊक असलेलं लपवलं तर आप्तपण कुठे राहिलं? आम्ही त्याला म्हटलं की तहानलेल्याने वाडीत पाणी मागावं, वाडीत अजून कुणी नाही म्हणत नाही. तो म्हणाला, "वाडीत कुणी नसेल तेव्हा?" परतीच्या एसटीत कल्याण येईपर्यंत हेच चाललं होतं. त्याने आपली रेघ अजून चढवलेली नाही आणि पुसलेलीही नाही. आज तो इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. प्रश्नोत्तरांत त्यालाच आधी बोलू द्या.