वळसा घालायची मुभा

‘प्रोजेक्ट आयजीआय’ २००० सालच्या डिसेंबरात आला, म्हणजे त्याला पंचवीस वर्षं उलटली. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओचा हा गेम. बाहेर त्याचं कौतुक बेताचंच झालं; आमच्या मालवण-कुडाळच्या सायबर कॅफेंत मात्र एका खुर्चीमागे चार पोरं उभी राहून तो बघत.

त्याआधीचं फार सांगण्यासारखं नाही. १९८३ चा ‘ड्रॅगन्स लेअर’ म्हणजे सरळ कार्टूनपट, ठरल्या क्षणी ठरलेली कळ दाबायची, चुकलात की मेलात. मग टीव्हीला जोडायच्या नकली कॅसेटी, डावीकडून उजवीकडे पळापळ. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने तेवढी सभ्यता दाखवली: प्रसंग ठरलेले, पण ते घडत असताना हातपाय तुमचेच. शास्त्रज्ञ गंभीरपणे काही सांगतोय आणि तुम्ही त्याच्या टेबलावर उड्या मारताय, चालायचं.

आमचं दशक त्यानंतरचं. आयजीआयमध्ये टेकडीवर पालथं पडून दुर्बिणीतून अख्खा तळ न्याहाळायचा. पहारेकरी कुठे फिरतो, कॅमेरा कुठे वळतो, अलार्मची कळ कुठल्या भिंतीवर. पुढे फाटकातून घुसायचं की वळसा घालून मागून, हे कोणी सांगत नसे. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती, वर भारनियमन. शेवटच्या खोलीपाशी वीज गेली की सगळं पहिल्यापासून. ‘अलार्म वाजलो रे!’ अशी बोंब उठली की मागच्या चौघांची चार मतं, आणि चारही चालून जाण्यासारखी.

२००४ च्या ‘फार क्राय’मध्ये तर माड, पुळण, होडी, सगळं घरचंच. छावणीवर रस्त्याने जा, नाहीतर पोहत खाडीच्या अंगाने ये. (उत्तरार्धात ते ट्रायजेन नावाचे राक्षस आणले नि मातेरं केलं, ते सोडा.) ‘याला स्टोरी नाही’ म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. २००७ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ आला आणि त्यांचे दिवस आले.

त्यातला अणुस्फोटानंतरचा प्रसंग थोर आहे, हे मी मान्य करतो. फरपटत पुढे सरकायचं, काहीही केलं तरी मरायचंच. हतबलता दाखवायला खेळणाऱ्याचे हात बांधले, ते शोभलं. पण त्याच गेममध्ये काही ठिकाणी तुम्ही एक न दिसणारी रेघ ओलांडेपर्यंत शत्रू संपतच नाहीत. नेम कितीही चांगला असो, उपयोग शून्य. इतरांनी उचललं ते हेच.

ठरलेल्या गोष्टीशी माझं वाकडं नाही. दशावतारात राक्षस मरणार हे जत्रेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण संवाद लिहिलेले नसतात. समोरच्याने तिरका प्रश्न टाकला की तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, आणि रात्र त्या उत्तरावर चढते. गेमवाल्यांनी आख्यान ठेवलं आणि नटाच्या तोंडाला कुलूप लावलं. २०१४ च्या ‘ॲडव्हान्स्ड वॉरफेअर’मध्ये मित्राच्या शवपेटीपाशी उभं केल्यावर श्रद्धांजलीसाठी ‘एफ’ दाबा म्हणून सूचना येते. जगभर तिची टिंगल झाली, ती कमीच होती.

आता म्हणे मोकळी दुनिया. २०१८ चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ भाचा सुट्टीत खेळतो. मैलोन्‌मैल कुठेही भटका, मासे पकडा, शिकार करा. पण मिशन सुरू झालं की टोळीच्या मागोमागच जायचं. मी म्हटलं, डावीकडून वळसा घाल, वरून टिप त्यांना. त्याने घातला. मिशन फेल. ‘मामा, थंयसून जावचा नसता,’ तो मलाच समजावतो.

थंडीत घोड्याचे वृषण आकसतात, इथवर या गेमची कारागिरी पोचली आहे. मागच्या बाजूने यायची सोय तेवढी करायची राहिली.