गोशे रोगातील हाडांचा आजार

ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे विकर जन्मतः कमी असेल, तर पेशींच्या लायसोझोममध्ये एक मेद न मोडता साचत जातो. हा गोशे रोग. आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो. मेदाने फुगलेल्या भक्षक पेशी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत दाटतात. वाढलेल्या पोटाकडे लवकर लक्ष जाते, हाडांकडे उशिरा. कायमचे अपंगत्व मात्र बहुधा हाडांमुळेच येते. मज्जेचा रक्तपुरवठा तुटला की असह्य कळा येतात, ताप चढतो आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा मृत होऊन खचू शकतो. क्ष-किरण चित्रात गुडघ्यावरचे हाड चंबूसारखे रुंदावलेले दिसते.

नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात अशा कळा आल्या तर आधी सिकलसेलची शंका येते आणि ती रास्तच आहे. पण ती चाचणी निर्दोष निघाली व प्लीहा मोठी असेल, तर विकराची तपासणी व्हायलाच हवी.

रक्तातील कायटोट्रायोसिडेज व लायसो-जीबी१ हे निर्देशक शरीरातील एकूण साठा दाखवतात. काहींमध्ये कायटोट्रायोसिडेज जन्मतःच नसते. त्यांच्यात ही चाचणी फसवते. ऑस्टिओकॅल्सिनसारखे हाडांचे निर्देशक वाढत्या मुलांत एरवीही जास्त असतात, म्हणून एमआरआयला पर्याय नाही.

विकर टोचण्याचा उपचार १९९१पासून उपलब्ध आहे. मृत हाड मात्र त्याने परतत नाही. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे.